चार इंची गाणं

जव्हारमध्ये मला खोली देण्याआधी घरमालकांनी माझी नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, मी मांसमच्छी खातो का तेही विचारलं नाही. त्यांनी माझे कान तपासले. ओसरीतल्या खुर्चीत मला बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले, एक गाणं अर्धवट ऐकवलं, मग तेच गाणं पुन्हा अर्धवट ऐकवलं आणि तोंडी परीक्षा घेणाऱ्या मास्तरांसारखं विचारलं, "फरक कळला?"

मी बँकेतला माणूस. समोरचा इतक्या आशेने विचारत असला की काय उत्तर द्यायचं हे आम्हाला काउंटरवर बसून बसून कळलेलं असतं. मी म्हणालो, "दुसरं जास्त चांगलं वाटलं."

"चांगलं नाही, पूर्ण. पहिलं गळकं होतं."

खोली मिळाली. सामान वर चढवताना मी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं की आधीचा भाडेकरू का गेला. त्या कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. म्हणाल्या, "त्याला दोनीबी सारखाच वाटला. खरा बोलला बिचारा."

काका म्हणजे सरकारी पाणी योजनांवर उभं आयुष्य काढलेला माणूस. जव्हार-मोखाड्यात पाऊस असा पडतो की छत्री ही केवळ सभ्यतेची खूण उरते, आणि मे महिन्यात त्याच गावांत टँकरची वाट पाहत बाया रस्त्यावर बसतात. मधलं पाणी जातं कुठे, हे शोधण्याची काकांची नोकरी होती. त्यांनी ते कधी शोधून काढलं नाही, पण शोधण्याची सवय मात्र लागली. कुठल्याही अडचणीवर त्यांचं एकच वाक्य असे, "आधी गळती कुठे आहे ते शोधा." भाजीत मीठ कमी पडलं, माझी बढती हुकली, खोडाळ्याच्या रस्त्यावरचा पूल खचला, सगळीकडे हेच वाक्य चालून जाई आणि ते चूक आहे असं कुणाला म्हणताही येत नसे.

ते निवृत्त झाल्यावर ठाण्याच्या मुलीने त्यांना एक चांगला फोन, महागडे हेडफोन आणि गाण्यांच्या ॲपची वर्गणी अशी भेट दिली. बापाने निवांत जुनी गाणी ऐकावीत एवढीच तिची इच्छा होती. पण ॲपमध्ये एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘लॉसलेस’ लिहिलेलं काकांनी वाचलं, मुलीला फोन करून अर्थ विचारला आणि ती म्हणाली, "म्हणजे गाण्यातलं काहीच वाया जात नाही, बाबा." हे वाक्य एखाद्या निवृत्त बँकवाल्याला सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती. पाणीपुरवठ्यातल्या माणसाला सांगितल्यावर त्याचं काय होणार होतं याची त्या मुलीला कल्पना नव्हती.

तेव्हापासून गाणं आणि नळयोजना यांत काकांनी फरक ठेवला नाही. गायिकेचा गळा म्हणजे धरण. आपला कान म्हणजे गावातली टाकी. मधे जे काही आहे ते पाइपलाइन. साधं गाणं अर्ध्या इंची पाइपातून येतं, लॉसलेस चार इंची पाइपातून. "तुम्ही सगळे आयुष्यभर अर्धा इंच ऐकत आलात, मॅनेजर," ते मला म्हणत. मी मॅनेजर नव्हतो. मुख्य शाखेतून आलेला एक साधा अधिकारी होतो, पण काकांना बँकेतला प्रत्येक माणूस मॅनेजर वाटे, शिपायासकट.

माझी गाणी ऐकण्याची पद्धत त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. मी फोनवर गाणं लावून फोन स्टीलच्या पेल्यात उभा ठेवतो. आवाज मोठा येतो, दाढी करताना बरं वाटतं. काका दारात उभे राहून त्या पेल्याकडे बराच वेळ पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "पाणी प्यायच्या भांड्यात काय ओतताय ते तरी बघा." 

चार इंची गाण्याची एक अडचण होती. ते इथे घरापर्यंत येतच नव्हतं. आमच्या घरात फोन कसाबसा लागे, पण इंटरनेटची रेंज यायची ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, आणि तीही मान तिरकी केली तर. एवढ्या रेंजवर गाणं उतरवायला घेतलं की ते गोल गोल फिरत बसायचं. मग काका फोन घेऊन शिरपामाळावर जाऊ लागले. तिथे रेंज चांगली. पण तिथे कधीकाळी छत्रपती मुक्कामाला थांबले होते म्हणून लोक बघायला येतात, आणि आले की ब्लूटूथचा डबा काढून त्यावर ढणढण लावतात. काकांनी एकदा एका नाशिकच्या कुटुंबाला त्यांच्या डब्यातली गळती समजावून सांगितली. त्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आवाज वाढवला.

तेव्हा काकांनी आमच्या घरामागचा माळ धरला. माळाच्या पार टोकाला, जिथून पुढे सरळ दरी आहे, तिथे एक बसका काळा दगड होता आणि त्या दगडावर बसलं की रेंज भरभरून यायची. रोज दुपारी जेवण झालं की काका तिथे जाऊन फोनमध्ये गाणी भरून आणत. उन्हाळ्यात हे दृश्य पाहण्यासारखं असे. नळाला पाणी नाही म्हणून काकू हंडा घेऊन विहिरीच्या वाटेला लागायच्या आणि त्याच वेळी काका फोन घेऊन माळाच्या वाटेला. दोघं आपापलं भरून परत यायची. फरक इतकाच की काकूंच्या हंड्यातलं पाणी सगळं घर वापरायचं.

इतका गळतीचा जाणकार, पण त्यांच्या स्वतःच्या मोरीतला नळ गळका होता. टप, टप, टप. वायसर बदलायला काकू सांगून थकल्या होत्या. त्या टपटपीने गाण्यातली शांत जागा बिघडते हे लक्षात आल्यावर काकांनी एक दिवस नळाच्या तोंडाला सुती दोरा बांधला आणि त्याचं दुसरं टोक बादलीत सोडलं. आता पाणी दोऱ्यावरून ओघळत बादलीत जाई. गळती तशीच, आवाज बंद. काका माझ्याकडे विजयाने पाहत म्हणाले, "झालं की नाही काम?" मला त्यांच्या खात्याची सगळी कारकीर्द त्या दोऱ्यात दिसली, पण भाडेकरूने सगळंच बोलायचं नसतं.

संध्याकाळी दिवेलागणीपासून जेवणापर्यंत घरात ‘श्रवण’ असे. त्या वेळात कुकरची शिटी नको, मिक्सर नको, भांडी आपटणं नको, आणि भाकरी थापणं तर नकोच. काकांना नागलीची भाकरी जीव की प्राण. ती थापल्याशिवाय होत नाही आणि थापली की आवाज होतो. तेव्हा काकू दुपारी चहाच्या वेळेला भाकऱ्या थापून ठेवत आणि काका रात्री त्या गार, कडक भाकऱ्या चावत बसत. कानासाठी त्यांनी दात पणाला लावले होते.

कानांची परीक्षा मात्र सगळ्यांची व्हायची. मीटर वाचायला आलेला माणूस, निवडणुकीची स्लिप वाटणारे, गॅसवाला, कुणी सुटला नाही. दाभोश्याहून जीपने भाजी घेऊन येणारी एक म्हातारी होती. तिला एकदा काकांनी पाटीसकट खुर्चीत बसवलं. तिने दोन्ही वेळा डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "पयल्यात बाईला सर्दी झाली हाये." काका आनंदाने उभेच राहिले. तिची सगळी भाजी त्यांनी विकत घेतली आणि आठवडाभर आम्ही शेवग्याच्या शेंगा खाल्ल्या. नंतर मी फोन पाहिला तर त्या दुपारी दोन्ही वेळा एकच गाणं एकाच प्रतीचं वाजलं होतं. दुसरं उतरलंच नव्हतं. हे मी काकांना सांगितलं नाही. शेंगा चांगल्या होत्या.

एक गोष्ट मात्र मी सांगून बसलो. बँकेत एकदा लाइट नव्हती म्हणून मोबाईलवर उगाच वाचत बसलो होतो, त्यात कळलं की बिनवायरच्या हेडफोनमधून लॉसलेस गाणं जातच नाही. हवेतून जाताना ते दाबून बारीक करावं लागतं. घरी आल्यावर मी हे चहा पिता पिता सहज बोललो. काकांनी कप खाली ठेवला. धरणापासून गावापर्यंत चार इंची पाइप टाकून शेवटी टाकीला अर्ध्या इंची नळी जोडली होती, आणि तीही स्वतः त्यांनी. त्या रात्री ते जेवले नाहीत. काकू वर येऊन मला विचारून गेल्या, "दादा, काय झाला? कोन मेला का?"

मग वायर आली, वायरीसाठी एक छोटी डबी आली, आणि काका त्या वायरीने ओसरीच्या खांबाला बांधल्यासारखे बसू लागले. हे असंच चाललं असतं. पण ॲपने गाण्यांत आणखी एक प्रकार आणला, आवाज चारी बाजूंनी येण्याचा. त्याला म्हणे अवकाशी आवाज म्हणतात. हे हेडफोन घालून मान वळवली तरी गायिका आपल्या जागेवरच राहते, आपण डावीकडे वळलो की ती उजव्या कानाला येते. यासाठी मात्र बिनवायरचेच हेडफोन लागत. पूर्ण गाणं हवं तर बांधून घ्यायचं, चारी बाजूंचं हवं तर मोकळं राहायचं. काकांनी सकाळ लॉसलेसला दिली आणि दुपारनंतरचा वेळ अवकाशाला.

"मान वळवा, मॅनेजर. बाई हलली का?"

"नाही."

"आमच्या अख्ख्या खात्यात एक माणूस जागेवर सापडत नसे. आणि ही बघा. जागची हलत नाही."

मग घरात वादक राहायला आले. तबला खिडकीपाशी, सारंगी माजघराच्या दारात, मागे कोपऱ्यात तंबोरा. काका बोटाने जागा दाखवायचे आणि त्या जागांवरून कुणी गेलं तर त्यांच्या कपाळाला आठी पडायची. एकदा त्यांनी सांगितलं की बासरी नेमकी चुलीच्या वर आहे. काकू हातात लाकडं घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्याला म्हनावा बाजूला सर. मना चूल पेटवायची हाये."

काकूंबद्दल आता सांगायला हवं, कारण त्या घरात खरा आवाज त्यांचाच होता. खोडाळ्याच्या पलीकडे डोंगरात त्यांचं माहेर. बुटक्या, काटक, आणि बोलणं असं की आमच्या खिडकीच्या काचा त्यात भाग घ्यायच्या. त्या कोंबड्यांशी बोलत, भांड्यांशी बोलत, देवाला तर दम देत. काकाही त्याच बाजूच्या पाड्यावरचे, पण नोकरीत फिरून फिरून त्यांनी आपली भाषा घासून पुसून लख्ख केली होती. त्यांच्या तोंडून ‘ण’ असा निघे की शाळा तपासायला आल्यासारखं वाटे. काकूंनी आपली भाषा होती तशीच ठेवली. नवऱ्याला त्या माझ्याजवळ ‘डोसा’ म्हणत. तिकडे म्हाताऱ्याला तसंच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नाश्त्याला काय आहे ते बघायला स्वयंपाकघरात डोकावलो होतो.

काकूंची हाळी मी आल्या आल्या ऐकली होती. त्या डोंगरांत एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर निरोप द्यायचा तर दरी उतरून चढण्यापेक्षा हाळी बरी. तिच्यात शब्द नसतात, नुसता एक स्वर लांबवत नेतात आणि शेवटी वर उचलून सोडून देतात. मग थांबायचं. समोरच्या डोंगरावरून तो परत येऊन विरला की पुन्हा. प्रत्येक घराची हाळी निराळी असते आणि घरातल्या माणसाला ती बरोबर कळते. धुकं चढलं की त्या भागात तर रीतच आहे: घरातल्या बाईने अंगणात यायचं आणि बाहेर गेलेला माणूस उंबऱ्यात पाय ठेवेपर्यंत हाळी घालत राहायचं. गुरांमागे गेलेली कितीतरी माणसं त्या आवाजाला धरून घरी आलेली आहेत. काकू काकांना चहालासुद्धा अशीच हाळी घालायच्या. माळावर दगडावर बसलेले काका ती ऐकून उठायचे. निदान हेडफोन येण्याआधी उठायचे.

एका रविवारी काकांच्या खात्यातले एक जुने साहेब आले होते. काकांनी त्यांना खुर्चीत बसवून चारी बाजूंचं गाणं दाखवायला सुरुवात केली. पाहुणे डोळे मिटून, ‘वा’ म्हणण्याची जागा शोधत बसले होते. तेवढ्यात मागच्या दारातून काकूंनी चहा झाल्याची हाळी घातली. पाहुणे खुर्चीतून उडाले. हेडफोन खाली पडले. मला हसू आलं, पाहुण्यांनाही आलं. काकांना मात्र आलं नाही.

ते स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ मराठीत म्हणाले, "तुझा आवाज कानाला लागतो. यापुढे हाका मारू नकोस. फोन घेऊन दिलाय ना तुला? त्यावर मिस कॉल देत जा."

काकूंनी कपांत चहा ओतला. मग म्हणाल्या, "बरा." एवढंच. चहा आणून ठेवला आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात हाळी बंद झाली. आधी मला वाटलं दोन दिवसांचा रुसवा आहे. पण त्या कोंबड्यांशीही हळू बोलू लागल्या. देवाला दम देणं थांबलं. जेवण तयार झालं की त्या स्वयंपाकघरात बसून काकांना मिस कॉल देत. तो गाण्याच्या मधोमध वाजायचा आणि सगळे वादक पळून जायचे, म्हणून काकांनी फोनमध्ये कुणाचाच व्यत्यय येऊ न देण्याची सोय चालू करून ठेवली. आता मिस कॉलही वाजेना. काकू ताट झाकून ठेवत आणि आतल्या खोलीत जाऊन पडत. काकांना मनासारखी शांतता मिळाली होती आणि त्यांच्या हे लक्षातही आलं नव्हतं की ती कुणाकडून काढून घेतली आहे. मला मात्र ते घर नकोसं झालं. मी बँकेतून मुद्दाम उशिरा येऊ लागलो. पेल्यातला फोन काढून उशीखाली ठेवला. खालून कधीतरी मोठ्याने काहीतरी यावं म्हणून मी कान लावून बसायचो, आणि खाली दोऱ्यावरून पाणी उतरत असायचं.

पाऊस सुरू होऊन जुना झाला, श्रावण आला. एका सुट्टीच्या दुपारी कुठल्याशा गाजलेल्या गायिकेची जुनी गाणी चारी बाजूंच्या आवाजात आली, असं ॲपने कळवलं. काका जेवण अर्धवट टाकून, छत्री घेऊन माळावर गेले. ते गेले आणि दरीतून धुकं चढलं. आमच्याकडे धुकं वरून उतरत नाही, खालून वर येतं, आणि येतं ते एकदम. मी खिडकीतून पाहत होतो तेव्हा गोठा होता. चहाचा घोट घेऊन पुन्हा पाहिलं तर गोठा नव्हता.

मी खाली आलो. काकू अंगणाच्या कडेला उभ्या होत्या. हातात फोन होता. त्यांनी मिस कॉल दिला, पुन्हा दिला, पुन्हा दिला. फोनमधली बाई काहीतरी हिंदीत सांगत होती. काकूंनी फोन कानाला लावला होता आणि ओठ घट्ट मिटले होते.

"काकू, हाळी घाला ना."

"मना बंदी हाये."

"अहो, आता कसली बंदी?"

"त्यांच्या कानाला लागतो माझा आवाज. आयकला ना तुमी? त्या सायबाच्या म्होरं बोलले." त्यांनी पुन्हा फोनचं बटण दाबलं. "तीस वरसं मी हाळी घातली, तवा नाय लागला. आता लागतो."

मी स्वतः ओरडायला लागलो. "काका! ओ काका!" बँकेच्या काउंटरवर टोकन पुकारायला जो आवाज लागतो तेवढाच माझ्याकडे होता. तो गोठ्यापर्यंत गेला असेल. माळाच्या टोकाला दरी आहे, काकांच्या कानांवर हेडफोन आहेत, आणि हेडफोनही बाहेरचं काही आत येऊ न देणारे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.  मला काकूंकडे बघवेना म्हणून मी धुक्याकडे बघत राहिलो.

काकूंनी फोन ओट्यावर ठेवला. पदर कमरेला खोचला. दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि त्यांनी हाळी घातली.

इतके महिने कोंडलेला आवाज होता तो. रुसवा, राग, भीती सगळं त्यात होतं. तो लांबत गेला, वर उचलला गेला आणि सुटला. कोंबड्या गप्प झाल्या. काकू थांबल्या. समोरून आवाज परत येऊन विरला. उत्तर नाही. त्यांनी पुन्हा घातली. पुन्हा थांबल्या. त्या थांबण्यात माझा जीव जात होता आणि त्या मात्र अगदी रीतीप्रमाणे, घाई न करता, थांबत होत्या.

तिकडे काय चाललं होतं ते काकांनीच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. धुकं आलं तेव्हा ते दगडावर घराकडे तोंड करून बसले होते. गायिका समोर गात होती. काकांनी हिशेब केला: बाई जागची हलत नाही. म्हणजे ती घराच्या दिशेला आहे. आपण तिला नाकासमोर ठेवून चालत राहिलं की घरी पोचू. फोन सदऱ्याच्या खिशात टाकला आणि निघाले. पण बाई हलत नाही ती फोनच्या हिशेबाने. खिशातला फोन काकांबरोबर वळत होता आणि काका वळतील तिकडे बाईही समोर येऊन उभी राहत होती. एक खडक चुकवायला ते वळले, मग एक करवंदीची जाळी चुकवायला वळले, आणि गायिकेच्या मागे मागे ते पूर्ण विश्वासाने दरीकडे चालू लागले. पाणी योजनेचा नकाशा वाचण्यात हयात घालवलेला माणूस एका गाणाऱ्या बाईला होकायंत्र समजून निघाला होता.

चालता चालता त्यांना गाण्यात काहीतरी खटकलं. मागून, उजव्या खांद्याच्या अंगाला, कुणीतरी ओरडत होतं. एवढ्या नामांकित रेकॉर्डिंगमध्ये हे कोण घुसलं म्हणून काकांना संताप आला. ते थांबले. गाणं मागे नेऊन तोच तुकडा पुन्हा ऐकला, तर तिथे ओरडणं नव्हतं. पुढे भलत्याच जागी होतं. रेकॉर्डिंग सदोष आहे अशी तक्रार करायची तर दोष नेमका कुठे आहे हे आधी ठरवायला हवं, म्हणून त्यांनी हेडफोन काढले.

मागून हाळी येत होती. त्यांच्या घरची. त्यांनी पायाने पुढची जमीन चाचपली तर पुढे जमीन नव्हती.

अंगणात आम्हाला एक तुटका, बारीक आवाज ऐकू आला. "ओऽ". काकूंनी डोळे मिटले. मग त्या हाळी घालत राहिल्या आणि तो ‘ओ’ हळूहळू जाड होत जवळ आला. छत्री हरवलेले, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, गळ्यात हेडफोन लोंबणारे काका धुक्यातून बाहेर आले. त्यांनी उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा काकू थांबल्या.

"पाय धुवा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आत जाऊन त्यांनी काय केलं ते मला दिसलं नाही. भांडी मात्र खूप वाजली.

इथे एखाद्या सज्जन माणसाने हेडफोन विकून टाकले असते. काकांनी तसलं काही केलं नाही. दोन दिवस ते नुसते अंगणात फेऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मॅनेजर, असा आवाज मी जन्मात ऐकला नाही. बंद हेडफोन फोडून आत आला, आणि दिशा अगदी पक्की. तो पूर्ण उतरवून ठेवला पाहिजे." मग ठाण्याहून आवाज भरायचं एक यंत्र आलं, त्याच्या मायक्रोफोनला केसाळ टोपडं होतं. काकांनी ते तिकाटण्यावर अंगणात उभं केलं, कोंबड्या डालल्या, मला फाटकापाशी वाहनं थोपवायला नेमलं आणि काकूंना खडूने आखलेल्या चौकटीत उभं केलं.

"हं. घाल हाळी."

काकूंनी घातली. सपाट आली. काकांनी हेडफोनमधून ऐकून मान हलवली. पुन्हा. पुन्हा तशीच. काका म्हणाले जरा मागे उभी राहा, जरा हनुवटी वर कर, शेवट लवकर सोडलास. काकूंनी सगळं केलं. त्या हौसेनेच आल्या होत्या, नवी साडी नेसल्या होत्या. पण ती हाळी काही येईना. काका वैतागले. "त्या दिवशी कशी आली? काय कमी पडतंय? नेमकं काय गळतंय ते मला कळत नाही."

"ती हाळी मानूस हरवल्याबगर निघत नाय," काकू म्हणाल्या.

काकांनी यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग अगदी गंभीरपणे विचारलं, "मग मी पुन्हा हरवू का?"

"आता कशाला?" काकू म्हणाल्या. अजिबात न ओरडता, शेजारच्या बाईशी बोलावं तसं. "इतके दीस हरवलेलेच व्हते की. घरात, त्या खुर्चीत बसून. मी रोज हाळी घालायची. मनात घालायची. तुमाला लागू नये म्हनून."

मी फाटकाला पाठ टेकून उभा होतो. एक जीप येऊन थांबली होती, ड्रायव्हर काहीतरी विचारत होता आणि मी त्याला हातानेच थांब म्हणून खुणावलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघायच्या दिवशी काकांनी मला शेवटचं त्या खुर्चीत बसवलं. मला वाटलं आता पुन्हा परीक्षा. पण त्यांनी त्या दिवशीचं भरलेलं लावलं. यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं आणि ते सगळं त्यात उतरलं होतं. डालग्याखालची कोंबडी, जीपचं इंजिन, मग काकूंचं ते बोलणं, शब्द न् शब्द, मधला घेतलेला श्वाससुद्धा. ते संपलं आणि पुढे नुसती शांतता सुरू झाली. ती बराच वेळ चालली.

"इथे नीट ऐका," काका म्हणाले.

मी डोळे मिटून ऐकलं. त्यांनी फार आशेने माझ्याकडे पाहिलं असणार, पण या वेळी मला त्यांना खोटं सांगवेना. मी म्हणालो, "काका, इथे काहीच ऐकू येत नाही."

"हो," ते म्हणाले. "इथे मी बोलायला हवं होतं."